बोटीचे गिऱ्हाईक, गावचे गिऱ्हाईक : घारापुरीतील चार दिवस

शनिवार

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी दुपारी आम्ही गेटवेच्या धक्क्यावरून घारापुरीच्या बोटीत चढलो, तेव्हा माझ्या मैत्रिणीजवळ कपड्यांच्या पिशवीखेरीज दोरीने बांधलेला एक जड पुठ्ठ्याचा खोका होता. मस्जिद बंदरला घेतलेले गरम मसाल्याचे पुडे, अगरबत्त्या, मेणबत्त्या आणि लहान मुलांच्या रबरी चपला असा बेतशीर माल त्यात भरलेला होता. तिचे माहेर बेटावरच्या राजबंदरला असून तिथे तिच्या वडिलांचे किराणा दुकान आहे. बेटावर जाणाऱ्याने मोकळ्या हाताने जायचे नाही, हा त्या घरचा नियम ती लग्नानंतरही पाळते. खलाशाला तो खोका ओळखीचा असावा, कारण काही न विचारता त्याने तो उचलून इंजिनाच्या खोलीजवळ, पाणी उडणार नाही अशा कोपऱ्यात ठेवला आणि मग आमच्या हातात लाइफ जॅकेटे दिली.

घारापुरी हे रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याचे गाव. गेटवेहून तासाभराचे अंतर असले तरी त्याचा तहसील, बाजार आणि सोयरिकी या साऱ्यांचे तोंड उरणकडे आहे. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या मिळून सुमारे बाराशे माणसे राहतात. पर्यटक पाहतो तो धक्का, ती छोटी आगगाडी, त्या पायऱ्या आणि ती लेणी हा सगळा भाग शेतबंदरच्या बाजूचा आहे. राजबंदर दक्षिणेला असल्याने तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. पर्यटकांना रात्री बेटावर राहता येत नाही आणि साडेपाचच्या सुमारास सुटणाऱ्या शेवटच्या बोटीने त्यांना परतावेच लागते. मी दुकानदाराच्या घरची पाहुणी असल्यामुळे ती बोट जाताना मला काठावरून पाहायला मिळाली. ती दिसेनाशी झाल्यावर बेट अकस्मात इतके शांत झाले की कोणाच्या तरी अंगणातली भांडी घासण्याचा आवाज थेट धक्क्यापर्यंत ऐकू येत होता.

मैत्रिणीच्या वडिलांचे, म्हणजे काकांचे दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दारात आडवी लाकडी फळी, तिच्यावर वजनकाटा, मागे डब्यांच्या तीन ओळी आणि एका कोपऱ्यात काचेच्या दाराचा फ्रिज. हा फ्रिज दुकानातली सर्वांत नवी आणि सर्वांत मानाची वस्तू आहे. घारापुरीला कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळाशी सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी जनरेटर लागे आणि तीन-साडेतीन तासांनी बंद होई. समोर रात्रभर मुंबई झगमगत असे, दुसऱ्या बाजूला न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिवसासारख्या उजळलेल्या असत आणि मध्ये हे बेट काळोखात बसलेले असे. त्या काळी दूध टिकत नसे आणि थंड पेये बर्फाच्या लादीवर ठेवून विकावी लागत. लादी अर्धी वितळली की भाव उतरवावा लागे, असे काका सांगत होते. वीज आल्यावर त्यांनी प्रथम फ्रिज घेतला आणि टीव्ही त्यानंतर. मेणबत्त्यांचा खप मात्र पूर्णपणे थांबलेला नाही. तारेवर भरवसा ठेवावा पण खोक्यात मेणबत्ती असावी, असे त्यांचे मत आहे.

जेवणाआधी तासभर मी त्या फळीच्या आतल्या बाजूला बसून होते. तेवढ्या वेळात अकरा गिऱ्हाइके आली आणि त्यांतल्या दोघांनीच रोख पैसे दिले. उरलेल्यांचे वहीत लिहिले गेले. वहीत माणसांची नावे नाहीत, घरांच्या खुणा आहेत : ‘पिंपळाखाली’, ‘विहिरीवरचे’, ‘होडीवाले’. अख्ख्या गावात एकमेकांचे कोणीतरी नाते लागत असल्यामुळे व्यक्तीचे नाव लिहिणे काकांना प्रशस्त वाटत नाही. घर फेडते, माणूस नव्हे, असा त्यामागचा हिशेब आहे.

रविवार

या घराची दुकाने खरे तर दोन आहेत. दुसरे दुकान लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर, निळ्या ताडपत्रीच्या सावलीत मांडलेले असते आणि ते मैत्रिणीच्या वहिनी चालवतात. सकाळी आठला आम्ही राजबंदरहून चालत निघालो. वहिनींच्या डोक्यावर गाठोडे होते, काकूंच्या हातात डबा आणि माझ्याकडे माकडांना हाकलण्याची काठी.

मांडणीला दीड तास लागला. रात्री झाकून ठेवलेल्या मालावरचे प्लास्टिक काढायचे, दगडी मूर्ती पुसून उंचीच्या क्रमाने लावायच्या, मण्यांच्या माळा खिळ्यांना टांगायच्या, टोप्या आणि कापडी पिशव्या दर्शनी बाजूला आणायच्या. यातले बेटावर काय तयार होते, असे मी विचारल्यावर वहिनी हसल्या आणि त्यांनी ताडपत्रीला बांधलेल्या दोरीच्या गाठीकडे बोट दाखवले. मऊ दगडाचे नक्षीदार हत्ती आग्र्याकडचे, पितळी वस्तू मुरादाबादच्या, माळा आणि टोप्या मुंबईच्या घाऊक बाजारातल्या. हत्तींबद्दल मला राहून राहून मौज वाटली. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात तुटला आणि पुढे सांधला जाऊन आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. बेटाचा हत्ती मुंबईत गेला आणि बेटावर विकायचे हत्ती आग्र्याहून येतात.

गेटवेहून पहिली बोट नऊला सुटते, म्हणजे गर्दी दहानंतर. नाताळ आणि नववर्षाच्या सुट्टीतला हा शेवटचा रविवार असल्यामुळे पायऱ्यांवर मुंगीला वाट नव्हती. डोलीवाले म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून वर नेत होते, काकडी आणि मक्याची कणसे विकणाऱ्या बायका त्यांना वाट करून देत होत्या, आणि माकडांनी साडेदहालाच एका मुलाचा वेफर्सचा पुडा पळवून दिवसाचा प्रारंभ केला होता. मी वहिनींच्या शेजारी बसले होते आणि माझ्या समजुतीप्रमाणे येणाऱ्या प्रत्येकाला आवाज देत होते. काकूंनी मला थांबवले. म्हणाल्या, “वर जानारा बगतो, खाली येनारा घेतो.” वर चढणाऱ्याला अजून लेणी पाहायची असतात, त्याला दगडाचे ओझे नको असते आणि पुढच्या दुकानात स्वस्त मिळेल अशी आशाही असते. म्हणून त्याच्याशी विक्रीचे बोलायचे नाही, फक्त ओळख करायची आणि ‘परतीला या’ म्हणायचे. लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या हातात मांडणीतले एखादे कासव क्षणभर देऊन परत घ्यायचे. मूल ते विसरत नाही. खरा धंदा दुपारी दोन ते साडेचार. त्यानंतर उतरणाऱ्याला बोटीची घाई असते आणि घाईतले गिऱ्हाईक भाव करत नाही, पण थांबतही नाही.

भाव करण्याबाबत माझ्या मनात शहरी माणसाचा एक सूक्ष्म राग होता, तो दिवसभरात बराच निवळला. वहिनी ज्या वस्तूचे साडेतीनशे सांगत, ती शेवटी दीडशेला जाई, आणि गिऱ्हाईक जिंकल्याच्या आनंदात निघून जाई. मी विचारले की सरळ दीडशेच का सांगत नाही? त्यांनी पूर्वी तसा प्रयोग केला होता आणि त्या दिवशी काहीच विकले गेले नव्हते. कारण गिऱ्हाईक दीडशेचेही निम्मे मागून निघून जात होते. बोटीने आलेला माणूस पुन्हा कधी दिसणार नसतो, आणि हे त्यालाही ठाऊक असते नि त्यांनाही. या परस्पर जाणिवेवर तो सगळा बाजार उभा आहे. त्यात खोटेपणापेक्षा खेळाचा भाग अधिक आहे, असे माझे मत झाले. मात्र संध्याकाळी घसा बसलेल्या वहिनींना पाहून हा खेळ एकाच बाजूला रोज खेळावा लागतो, हेही दिसले.

पायऱ्यांवरच्या दुकानाचे वर्ष बोटींवर ठरते. १९८७ मध्ये लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि परदेशी पाहुण्यांचा ओघ आला, असे काकू सांगतात. टाळेबंदीत बोटी थांबल्या आणि ताडपत्र्या कित्येक महिने गुंडाळलेल्याच राहिल्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून बेटाकडे येणाऱ्या बोटीला अपघात होऊन १५ जणांचे प्राण गेले, त्याविषयी दुकानात कोणी फारसे बोलत नाही. त्यानंतरचे दिवस विक्रीच्या वहीत कोरे आहेत, एवढे वहिनींनी पान उलटून दाखवले आणि वही मिटली.

साडेपाचला आवराआवर झाली. वहिनींनी मोबाइलवर जमा झालेल्या रकमा आणि कनवटीची रोकड यांची बेरीज केली, त्यातून मालाचे पैसे बाजूला काढले आणि उरलेले घरी येताच काकांच्या हातात दिले. काकांनी ते उद्याच्या उरणच्या खरेदीसाठी मोजून ठेवले. रोख पैसा घरात येतो तो पायऱ्यांवरून, आणि वहीतल्या उधारीवर गाव जेवते त्याचे भांडवलही तेच. काका मात्र किराणा हेच आपले खरे दुकान समजतात आणि पायऱ्यांवरच्या दुकानाला ‘बाईचा स्टॉल’ म्हणतात. वहिनी यावर काही बोलत नाहीत. मैत्रीण बोलते, आणि त्या रात्रीही बोलली.

सोमवार

सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे पर्यटकांच्या बोटी नसतात आणि हाच दुकानदाराचा खरेदीचा वार. पण सोमवार सरकारने ठरवला असला तरी वेळ समुद्र ठरवतो. काकांच्या दुकानात भिंतीवर दिनदर्शिका आहे आणि तीत ते तारखेआधी तिथी पाहतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे. त्या दिवशी द्वितीया होती, म्हणजे भरती दीडच्या सुमारास, आणि त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. पौर्णिमा नुकतीच होऊन गेल्यामुळे उधाणाचे दिवस. उधाणात पाणी जितके चढते तितकेच खोल उतरते, आणि उरणच्या मोरा बंदरात गाळ इतका साचलेला आहे की सुकतीला बोट धक्क्याला लागत नाही. तेव्हा दहाच्या आधी जाता येणार नव्हते आणि पाचच्या आत परतायलाच हवे होते. (बेटावरचे मोराबंदर वेगळे आणि उरणचे मोरा बंदर वेगळे. मी पहिले दोन दिवस या दोहोंचा गोंधळ करून सर्वांची करमणूक केली.)

मंगळवारी अंगारकी संकष्टी येत होती. त्यामुळे यादीत सर्वांत वर साबुदाणा, शेंगदाणे, वरी, खजूर, रताळी आणि केळी होती, आणि त्याखाली नेहमीचे तांदूळ, तूरडाळ, तेलाचे डबे, साखर, कांदे-बटाटे, साबण, शाळेच्या वह्या. उरणच्या बाजारात काका ज्या ठोक व्यापाऱ्याकडे जातात तिथे त्यांना बसायला खुर्ची मिळते आणि चहा येतो, पण भाव इतरांना तोच. एका पोत्यामागे त्यांना काय सुटते, हे मी आडवळणाने विचारले आणि त्यांनी सरळ समजावून सांगितले. दुकानातून टेम्पोत, टेम्पोतून धक्क्यावर, धक्क्यावरून बोटीत, बोटीतून बेटाच्या धक्क्यावर, तिथून डोक्यावर आणि डोक्यावरून कोठीत : एक पोते सहा वेळा उचलले जाते आणि त्यांतल्या चार वेळा हमालीचे किंवा भाड्याचे पैसे मोजावे लागतात. आता बिस्किटाच्या पुड्यावर आणि साबणावर किंमत छापलेली असते. उरणमधला दुकानदार जी छापील किंमत घेतो तीच यांनाही घ्यावी लागते, कारण गिऱ्हाईक पुतण्या असतो आणि त्याला वाचता येते. म्हणजे छापील मालावर बेटाचा दुकानदार जवळजवळ फुकट राबतो. जे काही मिळते ते सुट्या मालावर, डाळ-तांदूळ-साखरेवर किलोमागे दोन-चार रुपये. त्यातही हवेतल्या दमटपणाने साखरेला पाणी सुटते, मीठ विरघळते, आगपेट्या सर्दाळतात आणि पत्र्याचे डबे गंजतात. हे नुकसान कोणत्याच वहीत लिहिलेले नसते.

सर्वांत मोठी खरेदी मे महिन्यात होते, तिला किनाऱ्यावर सगळीकडे म्हणतात तसेच ‘आगोट’ म्हणतात. पावसाळ्यात कधी बोट सुटेल आणि कधी नाही याचा नेम नसतो. जून-जुलैत मासेमारी बंद, पर्यटक तुरळक, म्हणजे गावाच्या हातात रोख पैसा नाही आणि खाणारी तोंडे तेवढीच. काका आगोटीला तीन महिन्यांचे धान्य भरतात आणि ते सर्व उधारीवर जाते. दिवाळीपासून पायऱ्यांवरची दुकाने चालू लागली आणि जाळ्यांत मासळी आली की वही हळूहळू फिटत येते, ती जानेवारीच्या अखेरीस बरीचशी रिकामी होते. चार घरे फेडत नाहीत. त्यांच्यापुढे काका रेघ ओढतात, पण माल बंद करत नाहीत. बंद केल्यास ते घर खरेदीसाठी उरणला जाईल, आणि बोटीचे भाडे देऊन जाणारा माणूस येताना शेजाऱ्याचाही माल घेऊन येईल, असा त्यांचा धोरणी विचार आहे. मला त्यात दयेचाही अंश दिसला, पण तो त्यांनी मान्य केला नाही.

बाजारात रताळ्यांनी उशीर केला. अंगारकीमुळे मागणी मोठी, गाडी उशिरा आली, आणि आम्ही टेम्पो घेऊन मोऱ्याला पोहोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. पाणी उतरू लागले होते. धक्क्याच्या पायऱ्यांवर ओल्या शेवाळाची हिरवी पट्टी उघडी पडली होती आणि बोटवाला हात करून घाई करत होता. दोन हमाल, काका, त्यांचा मुलगा आणि नाइलाजाने मी, असे सगळे माल उतरवू लागलो. तेलाचे डबे, साबुदाणा आणि रताळी आधी गेली, मग तांदूळ. कांद्याचे पोते खांद्यावर घेतलेला हमाल पायरीवर घसरला, पोते खालच्या पायरीवरच्या पाण्यात गेले आणि ते काढून वर आणेपर्यंत बोटवाल्याने दोर सोडला. काकांनी बोटीतूनच धक्क्यावरच्या ओळखीच्या माणसाला हाक मारली, पोते आडोशाला ठेवायला सांगितले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “ऱ्हाऊ दे, उद्या येल.” त्यांच्या आवाजात चिडचिड नव्हती. मी मात्र बेट दिसेपर्यंत त्या पोत्याचाच विचार करत होते.

राजबंदरला पोहोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. माल यायची वाट पाहत दहा-बारा बायका-मुले उभी होती आणि कोणी न सांगता प्रत्येकाने काही ना काही उचलले. शेवटच्या दोन उचलींची हमाली काकांना पडत नाही ती यामुळे. रात्री जवळ्याचे कालवण आणि तांदळाची भाकरी होती. उद्या उपास म्हणून काकूंनी आग्रह करकरून वाढले.

मंगळवार

अंगारकीच्या दिवशी दुकान सहालाच उघडले. साडेआठपर्यंत साबुदाण्याचे अर्धे पोते संपले. काही घरांना भिजवायला रात्रीच हवा होता, त्यांचा मागच्या दाराने आधीच गेला होता. शाळेत जाणाऱ्या मुलांनी वह्या नेल्या, एका आजीने पाच रुपयांचा कापूर आणि दहा रुपयांची सुपारी घेऊन अर्धा तास गप्पा मारल्या, आणि त्या गप्पांतून कोणाच्या मुलीला कॉलेजासाठी कुठे ठेवले, धरणात उन्हाळ्यापुरते पाणी आहे की नाही, अशा बातम्या दुकानात जमा झाल्या. पायऱ्यांवर पुन्हा पर्यटक येणार होते, त्यामुळे वहिनी उपाशीपोटीच गाठोडे उचलून गेल्या होत्या.

मी साबण, बिस्किटे आणि शेंगदाण्याचा एक पुडा घेतला होता, त्याचे पैसे देऊ लागले तर काकांनी ते नाकारले. मी हट्ट धरल्यावर त्यांनी वही उघडली आणि लेकीच्या सासरचे जे पान होते त्यावर रक्कम लिहून टाकली. त्या पानावर गेल्या कित्येक वर्षांतल्या अशा नोंदी होत्या आणि एकीपुढेही फेडल्याची खूण नव्हती.

साडेअकराला मोऱ्याची बोट आली आणि तिच्यातून कांद्याचे पोते उतरले. तळाला खारे पाणी शिरल्यामुळे गोणपाट काळा पडला होता. काकांनी ते अंगणात उपडे केले, काकूंनी भिजलेले कांदे एका बाजूला आणि सुके एका बाजूला केले, आणि भिजलेले पाचसहा किलो निघाले. मुंबईची बोट गाठायची म्हणून आम्ही निघालो तेव्हा दोघेही उन्हात बसून कांदे पुसत होते. अंगारकी असल्यामुळे सकाळपासून कांद्याला कोणी विचारलेच नव्हते.